१७ फुटी बोट, खारं पाणी आणि ४०चं इंजिन: कुठलं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: तिघा मित्रांनी मिळून मनोरीला १७ फुटी फायबरची जुनी बोट घेतली आहे. तिच्यासोबत आलेलं इंजिन जाम आहे. महिन्यातून दोन रविवार गरवायला जायचं, बहुतेक वेळा खाडीत जिताड्याच्या मागे, आणि हिवाळ्यात कधीमधी बाहेर. समोर दोन पर्याय आहेत. एक १० वर्षं वापरलेलं टू-स्ट्रोक ४० एचपी, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. दुसरं नवंकोरं फोर-स्ट्रोक ४०. आणि शेवटी विचारलंय, "सगळ्यात भरवशाची कंपनी कोणती?"

मी मढ-मनोरी पट्ट्यात २० हून जास्त वर्षं ओबीएमचं काम करतो. आउटबोर्ड मोटरला इथे धक्क्यावर सगळे ओबीएमच म्हणतात. कंपनीचं नावही सांगतो, पण नंतर. कारण माझ्याकडे बंद पडून येणारी, किंवा मी स्वतः दोरी लावून ओढत आणलेली इंजिनं बघितली तर कंपनीमुळे बंद पडलेलं इंजिन क्वचित सापडतं. टाकीत पाणी, कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट साका, झिजलेला इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी चाक), पंख्याला गुंडाळलेला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), मेलेली बॅटरी. पुन्हा पुन्हा हेच.

त्यामुळे तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: तीन आठवडे खाडीत नुसतं उभं राहिलेलं इंजिन रविवारी पहाटे साडेपाचला सुरू होईल का, आणि दुपारी खारा वारा सुटल्यावर परतीच्या वाटेवर दगा देणार नाही ना? रोज समुद्रावर जाणाऱ्याचं इंजिन वेगळं आणि तुमचं वेगळं. त्याचं घासून घासून संपतं. तुमचं बसून बसून खराब होणार आहे. माझ्या मते हौशी माणसाचं इंजिन वापरापेक्षा न वापरण्यानेच जास्त मरतं, आणि निवड करताना हेच डोक्यात ठेवायला हवं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. बोट कायम पाण्यात नांगरलेली राहणार की ट्रॉलीवर वर काढणार? मनोरीच्या खाडीत ओहोटीला बोट गाळात बसते. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे सकाळी पाण्यावर डुलणारी बोट दुपारी चिखलात आडवी. इंजिन खाली सोडून ठेवलं असेल तर पाणी ओढायची जाळी गाळाने लिंपून जाते, आणि पुढच्या वेळी चालू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तो सगळा गाळ इम्पेलरमधून जातो. इंजिन वर उचलून ठेवायची सोय आहे का, आणि रोज येता-जाता बोटीवर नजर टाकणारं कुणी आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्या लेखी कंपनीच्या नावाइतकीच महत्त्वाची आहेत. इंजिनं चोरीला जातात, टाक्या तर सर्रास जातात.

एचपीकडे येऊ. तुम्ही ४० कुठून ठरवलंत ते लिहिलं नाहीत, पण जुन्या इंजिनाचा आकडा ४० होता म्हणून असावं. १७ फुटी बोटीवर तिघे माणसं, बर्फाची पेटी, नांगर, टाकी आणि रॉड घेऊन बोट पाण्यावर उचलून पळवायची असेल तर ४० योग्य आहे. पण फक्त खाडीत, हळूहळू, कांदळवनाच्या कडेने फिरायचं असेल तर २५ किंवा ३० पुरेल आणि वजन, पेट्रोल, किंमत तिन्ही वाचेल. तुम्ही हिवाळ्यात बाहेर जाणार म्हणता, म्हणून मी ४०च्या बाजूने आहे. सकाळी मतलई वाऱ्यात समुद्र तेल ओतल्यासारखा असतो. तोच अकरा-बारानंतर वायव्येकडून वारा धरतो आणि खाडीच्या तोंडावर, बाहेर पडणारी ओहोटी आणि आत येणारा वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या राहतात. तिथे थोडी ताकद हाताशी असलेली बरी. पण बोटीवर बनवणाऱ्याने कमाल एचपीची पट्टी लावलेली असेल तर तिच्या वर जाऊ नका. पट्टी नसेल, आणि जुन्या बोटींवर ती बहुधा नसतेच, तर आधी ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगायची बोटीची मागची फळी, बघा.

इथे थोडा रेंगाळतो, कारण लोक इंजिनावर लाखो रुपये घालतात आणि ते ज्या फळीवर टांगायचं ती कुजलेली असते. जुन्या फायबरच्या बोटीत मागच्या फळीच्या पोटात प्लायवूड असतं. वरून फायबर चकचकीत दिसतं, पण बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरलं की आतलं प्लाय ओल्या पावासारखं होतं. प्लास्टिकच्या हातोडीने फळीवर सगळीकडे ठोकून बघा. चांगल्या जागी आवाज कडक येतो, कुजलेल्या जागी बसका. जुनं इंजिन अजून टांगलेलं असेल तर ते वर उचलून, गिअरकडचा भाग धरून वर-खाली जोर द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. फळी हलताना दिसली किंवा बोल्टच्या कडेने पाणी झिरपलं, तर इंजिनाचा विचार बाजूला ठेवून आधी ट्रान्सम नवा करून घ्या.

वजनाचंही तेच. टू-स्ट्रोक ४० साधारण ७० ते ७५ किलोच्या घरात असतं, फोर-स्ट्रोक ४० शंभरच्या आसपास. पंचवीस-तीस किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तुमची बोट टू-स्ट्रोकच्या जमान्यातली असेल, तर तिचा मागचा भाग त्याच वजनाच्या हिशेबाने बनलेला आहे. तीन माणसं मागे बसली, भरलेली टाकी मागे, बॅटरी मागे, आणि त्यात जड इंजिन. मग मागून आलेली लाट सरळ ट्रान्समवरून आत. उपाय सोपा आहे: टाकी आणि बॅटरी पुढे सरकवा. पण तो इंजिन घेण्याआधी सुचायला हवा. दोन माणसांना मागच्या बाजूला इंजिनाजवळ उभं करा, फोर-स्ट्रोकच्या वजनापेक्षा ते थोडं जास्तच भरेल, आणि ट्रान्समची वरची कड पाण्यापासून किती उरते ते डोळ्यांनी बघा.

शाफ्टची लांबीही इथेच मोजून घ्या. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून खाली तळाच्या टोकापर्यंत टेप लावा. १५ इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, २० इंचांच्या आसपास आलं तर लाँग. इंजिन लागल्यावर पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा जेमतेम इंचभर खाली यायला हवी. त्याहून वर राहिली तर वळणावर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. फार खाली गेली तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि उथळ पाण्यात पंखा आधी टेकतो. स्वस्तात मिळतंय म्हणून चुकीच्या शाफ्टचं इंजिन घेऊन मग ट्रान्सम कापणारे लोक मी बघितले आहेत.

आता टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक. माझी स्वतःची हयात टू-स्ट्रोकवर गेली आणि मला ती इंजिनं आवडतात. भाग कमी, वजन कमी, उघडायला सोपं. दोन सिलिंडर, कार्बोरेटर, दोरी ओढली की सुरू. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळीवाड्यात त्याला हात लावणारा माणूस सापडतो. रोज चालणाऱ्या छोट्या होडीसाठी आजही मी तेच सांगेन.

पण तुम्ही रोज चालवणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकशाफ्टच्या बेअरिंगना वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. इंजिन चालू असतं तोवर हे उत्तम. बंद पडून राहिलं की खारी दमट हवा आत जाते आणि पातळ तेलाचा थर फार दिवस राखण करत नाही. शिवाय गरवताना तुम्ही तासन्‌तास हळू चालवणार, मागे रापाला (नकली मासा) सोडून. त्या मंद गतीत टू-स्ट्रोकचे प्लग काळे पडतात, धूर थेट तुमच्या तोंडावर येतो, आणि आवाजात गप्पा मारता येत नाहीत. पेट्रोलचा फरकही खिशाला लागतो. पूर्ण थ्रॉटलला फोर-स्ट्रोक ४० तासाला साधारण १५ लिटर पितं. कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक त्याहून तीन-चार लिटर जास्त, वर तेल वेगळं.

फोर-स्ट्रोकच्या विरुद्ध बाजूही सांगतो. भाग जास्त, सेन्सर आहेत, इंजेक्शन आहे. इंजेक्शनवालं इंजिन पेट्रोलमधलं पाणी अजिबात सहन करत नाही. तेल बदलायला लागतं, आणि धक्क्यावरचा प्रत्येक मेकॅनिक लॅपटॉप लावून दोष वाचू शकत नाही. पण कार्बोरेटरसारखं त्यात उघडं पेट्रोल उडून जाऊन चिकट साका बसत नाही, त्यामुळे तीन आठवड्यांनी किल्ली फिरवल्यावर सुरू व्हायची शक्यता याचीच जास्त. बॅटरी मेली तर काय, हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा. ३० एचपीपर्यंतच्या काही इंजेक्शन मॉडेलना सुरू व्हायला बॅटरी लागतच नाही, दोरी ओढली की पुरतं. ४०मध्ये बहुधा किल्लीच असते. मग फ्लायव्हीलला आणीबाणीची दोरी कशी गुंडाळायची ते दुकानातच करून बघा, लाटेवर डुलत पुस्तिका वाचायची वेळ नको.

माझा कौल पक्का झाला तो मात्र पेट्रोलमुळे. हा मुद्दा जुने लोकही नीट लक्षात घेत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आता बहुतेक पंपांवर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. बहुतेक ओबीएमच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली असते. गाडीची टाकी बंद असते आणि गाडी रोज चालते, त्यामुळे तिथे सहसा भागतं. बोटीच्या टाकीला हवेसाठी व्हेंट असतो आणि ती उभी असते खाडीच्या दमट हवेत. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. शोषता शोषता एक वेळ अशी येते की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पेट्रोल ओढायची नळी नेमकी तळाशीच असते. फोर-स्ट्रोक अशा वेळी खोकून बंद पडतं. टू-स्ट्रोकमध्ये धोका मोठा, कारण तुम्ही मोजून मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि तळाच्या थरात ते जवळजवळ नसतंच. म्हणजे इंजिनाला वंगणाशिवाय चालवल्यासारखं. १० वर्षं जुन्या इंजिनाच्या नळ्या आणि प्राइमरचा (हाताने दाबून पेट्रोल चढवायचा) रबरी बल्बही या पेट्रोलसाठी बनलेला नसतो. तो मऊ पडतो, आतून पापुद्रे सुटतात आणि तेच जेटमध्ये अडकतात.

आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी बघता येतं. १०० मिलीचं मापाचं काचपात्र घ्या, त्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला, झाकून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. पाणी खाली बसतं आणि इथेनॉल त्याच्यात उतरतं. खालचा थर १० वरून २८च्या आसपास गेला तर २० टक्के. हे गच्चीवर किंवा उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नाही. १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल काही पंपांवर मिळतं. त्याचीही हीच चाचणी घ्या आणि इथेनॉल निघालं नाही तर बोटीसाठी तेच वापरा.

मिळणारं पेट्रोल काही आपल्या हातात नाही, ते किती दिवस टाकीत ठेवायचं हे आहे. जेवढं लागेल तेवढंच त्या दिवशी घ्या. आणि फोर-स्ट्रोक घेण्याचं माझं सगळ्यात घरगुती कारण हेच: उरलेलं पेट्रोल संध्याकाळी तुमच्या गाडीत ओतता येतं. टू-स्ट्रोकचं तेल मिसळलेलं पेट्रोल कुठे ओतणार? ते टाकीत तसंच राहतं, पुढच्या रविवारपर्यंत, मग त्याच्या पुढच्या. गेल्या वर्षी एका गृहस्थांचं जवळपास नवं इंजिन माझ्याकडे आलं. दर वीस मिनिटांनी बंद पडतं म्हणून त्यांनी दुसरीकडे दोनदा इंजेक्टर साफ करून घेतले होते. मी टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. खाली दोन बोटं धुरकट थर. दिवाळीत भरलेलं पेट्रोल, आणि आम्ही बोलत होतो होळीला.

म्हणून इंजिन कुठलंही घ्या, टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. खाली पारदर्शक वाटी असलेला मिळाला तर उत्तम, निघण्याआधी वाटीत पाणी साचलंय का ते नुसतं वाकून दिसतं.

इथवरचं माझं मत एका दमात: ट्रान्सम मजबूत निघाला आणि वजन पेललं तर नवं फोर-स्ट्रोक ४०. पैसे कमी पडत असतील तर नवं किंवा चांगलं वापरलेलं फोर-स्ट्रोक ३० घ्या आणि बाहेर जायचे दिवस वारा बघून निवडा. जुन्या टू-स्ट्रोककडे फक्त तेव्हाच वळा, जेव्हा तुमच्यापैकी एकाला पाना हातात धरायची आवड असेल.

तरी ते जुनं इंजिन बघायला जाणारच असाल, तर असं बघा. मालकाला सांगून ठेवा की तुम्ही येण्याआधी त्याने ते सुरू करू नये. बोनेट उघडून हात लावा. गरम लागलं तर परत या. थंड इंजिन कितव्या ओढीला सुरू होतं, तेच खरं. प्लग काढून दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला लावा. आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती हे बघा, दहा टक्क्यांहून जास्त नको. मग गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू थोडा सैल करा. पाणी जड असल्यामुळे काही असेल तर ते आधी बाहेर येतं. तेल दुधासारखं पांढरट निघालं तर सील गेलंय, आणि आपल्याकडे त्याचं कारण बहुधा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळलेला तंगूस असतो. तो सील कापतो, पाणी आत जातं, गिअर गंजतात, आणि चालवणाऱ्याला काही महिने काही कळत नाही. शेवटी मागून पडणारी पाण्याची धार बघा, जोरदार आणि सलग हवी. इंजिनाच्या अंगावर नवा रंग दिसला तर मी सावध होतो; बोल्टच्या खाचांमध्येही रंग गेला असेल तर गंज झाकलाय असं समजा. आणि नंबरची पट्टी खरवडलेली असेल, खरेदीचं बिल नसेल, तर किंमत कितीही गोड असो, घेऊ नका. बोटीची नोंदणी करताना इंजिनाचा नंबर विचारतात तेव्हा अडकाल.

आता कंपनी. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा, टोहात्सू, या पाचही चांगली इंजिनं बनवतात. टोहात्सूचं नाव ऐकून लोक नाक मुरडतात, पण तिने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावानेही छोटी इंजिनं बनवून दिली आहेत. आपल्या किनाऱ्यावर मला यामाहा सगळ्यात जास्त दिसते, म्हणून तिचे भाग आणि तिच्यावर हात बसलेले लोक जास्त. तुमच्या जागी मी असतो तर मनोरीच्या धक्क्यावर एक चक्कर मारली असती आणि मोजलं असतं, कुठल्या कंपनीची इंजिनं जास्त आहेत. मग तिथल्याच दोघा-तिघांना विचारलं असतं की मेकॅनिक कोण, बोलावल्यावर किती दिवसांत येतो. शेवटी दुकानात जाऊन एकच प्रश्न: या मॉडेलचा इम्पेलर, थर्मोस्टॅट आणि पंख्याचं बुश आत्ता काउंटरवर आहे का? "मागवून देऊ" हे उत्तर ऐकलं की समजायचं, मोसमातले दोन महिने बोट उभी. एका नावापासून मात्र दूर राहा: इव्हिनरूडची इंजिनं २०२० मध्ये बनायची थांबली. कुणी परदेशातून आणलेलं स्वस्तात देऊ करेल. इंजिन वाईट नव्हतं, पण भागांसाठी तुम्ही रडाल.

इंजिन घेतलं की त्याच दिवशी सुट्या सामानाचा डबा तयार करा. एक जास्तीचा पंखा, त्याचा नट आणि पिन, प्लग आणि त्याचा पाना, एक इम्पेलर, इंधन फिल्टर, बल्बसकट एक पूर्ण नळी. पंखा अॅल्युमिनियमचाच ठेवा. स्टीलचा मिरवायला छान, पण खडकावर आपटला तर पाती वाकण्याऐवजी धक्का गिअरला बसतो. पंख्याच्या मधलं रबरी बुश सुटलं तर इंजिनाचे फेरे चढतात आणि बोट पुढे जात नाही. घाबरू नका, थ्रॉटल अगदी कमी केला तर तेच बुश पुन्हा पकडतं आणि हळूहळू घरी पोचवतं. आपल्या खाड्यांचा खास शत्रू म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. मागची धार बारीक झाली किंवा गरम झाल्याचा भोंगा वाजला की आधी इंजिन बंद करा, वर उचला आणि जाळीवर पिशवी चिकटलीय का बघा. दहातल्या नऊ वेळा तीच असते. डोल जाळ्यांच्या खुंटांपासूनही लांब राहा, खास करून पहाटेच्या अंधारात.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने दहा मिनिटं धुणं, हे टाळलं तर वर लिहिलेलं सगळं वाया. नव्या इंजिनांना थेट नळी जोडायची सोय असते. इम्पेलर गाळामुळे इथे लवकर झिजतो, दर वर्षी बदला, दिसायला चांगला असला तरी. आणि पावसाळ्यासाठी बोट वर काढाल तेव्हा गिअरचं तेल जूनमध्ये, ठेवण्याआधी बदला. बरेच जण नारळी पौर्णिमेला, उघडताना बदलतात. तोवर पाणी शिरलेलं असेल तर ते दोन-अडीच महिने गिअरमध्ये बसून गंज करून मोकळं झालेलं असतं.

बाहेर जायच्या दिवसांसाठी पाच-सहा एचपीचं छोटं दुसरं इंजिन, स्वतःच्या टाकीसह, परवडलं तर घ्या. एकाच टाकीवर दोन्ही चालवायची असतील तर त्याचा उपयोग नाही, कारण बंद पडायचं कारण बहुधा टाकीतच असतं. पेट्रोलचा हिशेब तीन वाटण्यांचा: एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक तिघांच्याही फोनमध्ये असू द्या.

पैसे पूर्ण देण्याआधी बोटीवर बसवून चाचणी घ्या, तिघांच्या आणि सामानाच्या वजनासकट. मार्वे-मनोरी फेरीच्या वाटेवर नको. १८ डिसेंबर २०२४ला मुंबई बंदरात 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची जी बोट आदळली, तीही इंजिनाच्या चाचणीवरच होती. मोकळं पाणी, अंगात लाइफ जॅकेट, किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला. पूर्ण थ्रॉटलला फेरे किती जातात ते बघा. बहुतेक फोर-स्ट्रोक ४०ना ५००० ते ६०००च्या मध्ये, वरच्या बाजूला, यायला हवेत. ५०००ही गाठत नसेल तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात. हे दुकानदाराकडून आताच बदलून घ्या, नंतर कुणी विचारत नाही.

आणि निघताना टाकीचा व्हेंट उघडा. हसू नका. पाच-सहा वर्षांपूर्वी मी स्वतः गोराईच्या बाहेर पंधरा मिनिटं पोचलो आणि इंजिन हळूहळू मरायला लागलं. प्लग काढले, फिल्टर काढला, घामाघूम झालो. शेजारून जाणाऱ्या होडीतल्या पोराने नुसता माझ्या टाकीकडे हात केला. प्लास्टिकची टाकी आत ओढली जाऊन चपटी झाली होती. झाकणावरचा स्क्रू दोन आटे फिरवला, फुस्स आवाज आला, आणि इंजिन पहिल्या ओढीला सुरू.

ट्रान्समची उंची आणि ठोकून बघितल्यावर आलेला आवाज, दोन्ही कळवा. शाफ्ट आणि पंख्याचा पिच त्यावरून सांगतो.